पंखा काढला, वायर राहिली

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात आमच्या घरातल्या एका भिंतीपासून करतो. कारण हा विषय मी शोधून काढलेला नाही. तो वीस-पंचवीस वर्षं आमच्या डोक्यावर लटकत होता, आणि आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं.

गिरगावात चाळीत आमची आजोबांच्या वेळची खोली आहे. गेल्या दिवाळीआधी बाबांनी तिथे रंग द्यायचं ठरवलं. स्वयंपाकघरात, पोटमाळ्याच्या वर, भिंतीतून वीतभर वायर बाहेर आलेली होती. टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. पूर्वी तिथे भिंतीवरचा पंखा होता. तो कधीतरी काढला, वायर राहिली. "ती बंद आहे रे, कित्येक वर्षांपासून," बाबा म्हणाले.

आता मी पडलो इंजिनिअर. बीटेक. सॉफ्टवेअरचा असलो तरी घरच्यांच्या लेखी इंजिनिअर तो इंजिनिअर. मी ऐटीत जाऊन आमचा मेन स्विच बंद केला, दिवा लागत नाही हे बघितलं आणि रंगारी दादांना म्हणालो, "करा बिनधास्त."

त्यांनी भिंत ओली केली, लोखंडी स्टुलावर चढले आणि पत्रीनं जुना रंग खरवडायला लागले. चिकटपट्टी वाळून कडक झाली होती. पत्री लागली आणि ती सालीसारखी निघून आली. ठिणगी नाही, आवाज नाही. दादांच्या तोंडून फक्त "आ" असं काहीतरी आलं आणि ते स्टुलावरून खाली कोसळले. पडले म्हणून सुटले, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मनगट मोडलं होतं.

मेन स्विच बंद होता. मी स्वतः बंद केला होता. मग करंट आला कुठून?

संध्याकाळी चाळीतले जुने वायरमन काका आले. त्यांनी बाबांना एकच प्रश्न विचारला, "ही वायर बंद केलीत म्हणजे नक्की काय केलंत?"

"पंखा काढला," बाबा म्हणाले.

"म्हणजे पंखा बंद केलात. वायर नाही."

मग ते लाकडी पट्टीवरून जाणाऱ्या त्या जुन्या वायरिंगचा माग काढत गेले. वायर आमच्या स्विचबोर्डकडे जातच नव्हती. ती भिंतीतून पलीकडच्या खोलीत जात होती. एके काळी दोन्ही खोल्या आमच्याच होत्या, आजोबांच्या आणि त्यांच्या भावाच्या. पुढे वाटणी झाली, मधलं दार बुजवलं, मीटर वेगळे झाले. वाटणीत भांडीसुद्धा मोजून घेतली होती म्हणे. ही वायर मात्र कुणाच्याच वाट्याला आली नाही. ती पलीकडच्या मीटरवर चालत राहिली आणि तिचं उघडं टोक आमच्या भिंतीत राहिलं. मी आमच्या घराची वीज बंद केली होती. त्या वायरची नाही.

त्या रात्री झोप लागेना, म्हणून मी वाचत बसलो. आणि लक्षात आलं की आमच्या खोलीत जे घडलं, ते न्यूयॉर्कमध्ये सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी भर रस्त्यात घडलंय. चला, तिकडे जाऊ.

साल १८८८. तेव्हाच्या मॅनहॅटनचे फोटो शोधून बघा. आकाश दिसत नाही इतक्या तारा. टेलिग्राफच्या, टेलिफोनच्या, चोर आला तर घंटा वाजवणाऱ्या यंत्रणांच्या आणि रस्त्यावरच्या आर्क दिव्यांच्या. टेलिग्राफच्या तारेत दाब कमी. आर्क दिव्यांच्या तारांत हजारो व्होल्ट. दोन्ही एकाच खांबांच्या जंगलात. या गुंत्यात वापरातून गेलेल्या आणि कुणीच न उतरवलेल्या ताराही होत्या. तार लावायला पैसे मिळतात. काढायला कोण देणार?

त्यात मार्च १८८८ मध्ये प्रचंड हिमवादळ आलं. खांब मोडले, तारा तुटून लोंबकळल्या. पुढच्याच महिन्यात, १५ एप्रिलला, मोझेस स्ट्रायफर नावाच्या एका किशोरवयीन मुलानं रस्त्यावर लोंबणारी टेलिग्राफची तार हातात धरली. टेलिग्राफची तार, तिच्यात काय असणार? पण ती दिव्यांच्या तारेला कुठेतरी चिकटली होती. मुलगा जागच्या जागी गेला.

दीड वर्षानं, ११ ऑक्टोबर १८८९ रोजी, जॉन फीक्स नावाचा लाइनमन मॅनहॅटनमध्ये खांबावर चढला. वेस्टर्न युनियन या टेलिग्राफ कंपनीचा माणूस. काम टेलिग्राफच्या तारांचं, म्हणजे नेहमीचं आणि निरुपद्रवी. त्यानं एक तार पकडली. ती तार तिथून कित्येक गल्ल्या लांब, त्याला दिसणंही शक्य नव्हतं अशा ठिकाणी, जास्त दाबाच्या तारेला टेकलेली होती. फीक्स तत्क्षणी मेला. त्याचा देह तारांच्या जाळ्यात अडकून बराच वेळ जळत राहिला आणि खाली दुपारच्या सुट्टीत बाहेर पडलेली हजारो माणसं बघत उभी होती.

हे वाचलं आणि मला आमचं स्टूल आठवलं. फीक्सची चूक काय? त्यानं हातातल्या तारेचं नाव बघितलं, "टेलिग्राफ". मी हातातल्या वायरचं नाव बघितलं, "बंद". पण तारेत काय आहे, हे तिच्या नावावर ठरत नाही. तिचं दुसरं टोक कुठे आहे आणि वाटेत तिला कोण टेकलंय, यावर ठरतं.

तारा जमिनीखाली न्या असा कायदा तिथे १८८४ मध्येच झाला होता. कंपन्या टाळाटाळ करत होत्या, कोर्टात जात होत्या. फीक्सच्या मृत्यूनंतर लोक इतके खवळले की टाळाटाळ परवडेना. महापौर ह्यू ग्रँट यांच्या माणसांनी रस्त्यावरचे खांब कुऱ्हाडीनं तोडले आणि तारा कापून खाली आणल्या.

आता जरा मागे येऊ, १८८२ सालात. हे साल माझ्या डोक्यात पक्कं बसलंय, कारण त्या एका वर्षात तीन शहरांत तीन गोष्टी झाल्या.

न्यूयॉर्कमध्ये ४ सप्टेंबरला एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू झालं. घराघरात वीज विकायचा धंदा इथून उभा राहिला.

लंडनमध्ये टेलिग्राफ आणि विजेच्या अभियंत्यांच्या संस्थेनं विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी नियम छापले. जेमतेम काही पानांचे. ब्रिटनमधले आजचे वायरिंगचे नियम त्याच पानांचे वंशज आहेत आणि आपल्याकडची वायरिंगची पद्धतही बरीचशी तिथूनच आली. त्या जुन्या नियमांतला एक विचार मला फार आवडला. तो असा की, विजेच्या कामातल्या अडचणी बहुतेक आतल्या आणि न दिसणाऱ्या असतात. त्यामुळे त्यांच्यावर उपाय एकच, तपासणी. १८८२ मध्येच सांगून ठेवलंय बघा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, तपासा.

आणि तिसरं शहर आपली मुंबई. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीनं महापालिकेशी करार करून ते लावले होते. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली आणि मार्केट परत गॅसच्या दिव्यांवर आलं. म्हणजे विचार करा, मुंबईत विजेची तार आली आणि ती बिनवापराची झाली, यात अंतर एका वर्षाचं! वीज टिकून राहायला पुढे १९०५ उजाडावं लागलं. त्या साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, तीच आपली आजची बेस्ट. ७ मे १९०७ ला विजेवरची ट्राम धावली.

गिरगावातल्या चाळींमध्ये मग वीज शिरली. ती आली कशी, हे समजून घ्यायला हवं, कारण आमची वायर याच इतिहासाचं पिल्लू आहे.

आधीची वायर म्हणजे तांब्यावर रबर आणि त्यावर सुताची वीण. ती लाकडी खोबणीत बसवायची आणि वरून लाकडी झाकण ठोकायचं. यालाच केसिंग-कॅपिंग म्हणायचे. नंतर सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी वायर बसवायची पद्धत आली, ती जुन्या घरांत अजून दिसते. रबराचा प्रश्न असा की ते म्हातारं होतं. उष्णतेनं वाळतं, कडक होतं, भेगा पडतात. वरून सूत दिसायला ठीक, आत रबराचा चुरा. पीव्हीसीची वायर आली तेव्हा हा त्रास बराच कमी झाला.

पण मजा बघा. त्या जुन्या वायरिंगमध्ये प्रत्येक टोकाला घर होतं. पंख्याची वायर छताला यायची ती सीलिंग रोझमध्ये. सीलिंग रोझ म्हणजे ती काळी, बेकेलाइटची गोल डबी, आत पितळी स्क्रू, वरून फिरवून बसवायचं झाकण. पंखा काढला तरी टोकं डबीतच राहायची, एकमेकांपासून लांब, झाकणाखाली. आमच्याकडे कुणीतरी पंख्याबरोबर ती डबीही काढली. दिसायला वाईट दिसते म्हणून असेल. आणि तिच्या जागी आली चिकटपट्टी.

चिकटपट्टीवर माझा राग नाही. तिचाही इतिहास मोठा आहे. सुरुवातीला दोन तारा जोडायच्या म्हणजे पीळ द्यायचा, शिसं-कथलाचं डाग द्यायचं, वरून रबराची पट्टी आणि त्यावर कापडी चिकटपट्टी. निगुतीनं केलेला तो जोड टिकायचा. पण डाग द्यायला आग लागते, वेळ लागतो, आणि लाकडी घराच्या छताखाली ज्योत घेऊन बसणं हे काही शहाणपणाचं काम नव्हे. १९१४ मध्ये कॅनडात विल्यम मार या स्कॉटलंडहून आलेल्या माणसानं डाग न देता तारा दाबून धरणारा छोटा कनेक्टर तयार केला. त्याचं नाव मॅरेट. कॅनडात आजही वायरीच्या टोकावर फिरवून बसवायच्या टोपीला मॅरेटच म्हणतात, जसं आपण कुठल्याही वॉशिंग पावडरला एकाच ब्रँडच्या नावानं हाक मारतो. पुढे १९४६ च्या सुमारास प्लास्टिकची, म्हणजे व्हिनाइलची, ताणली जाणारी चिकटपट्टी अमेरिकेत आली. १९५१ मध्ये जर्मनीत मिंडेन गावी वॅगो कंपनी सुरू झाली, तिनं स्प्रिंगनं तार धरणारे कनेक्टर लोकप्रिय केले. आपल्याकडे चिनी मातीचे किंवा प्लास्टिकचे स्क्रूवाले कनेक्टर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात.

या सगळ्या वस्तू जोड नीट व्हावा म्हणून निघाल्या. पण त्यांचं दुसरं, कमी बोललं जाणारं काम म्हणजे ज्या टोकाला जोडायला काहीच उरलेलं नाही, ते बंद करणं. चालू वायरीवर सगळ्यांचं लक्ष असतं. काही बिघडलं तर दिवा विझतो, आपण लगेच माणूस बोलावतो. बिनवापराची वायर बिघडली तर काहीच विझत नाही. तक्रार करायला तिच्या टोकाला दिवाच नसतो.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्याकडे याला डेड कोड म्हणतात. न वापरलेला, पण न काढलेला कोड. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीनं नवं सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर चढवलं. चढवलं म्हणजे सातवर, एक राहून गेला. त्या आठव्यावर २००३ पासून वापरात नसलेला एक जुना कोड तसाच पडून होता. नव्या कामासाठी जो फ्लॅग वापरला, तो नेमका त्या जुन्या कोडचाच फ्लॅग होता. सकाळी बाजार उघडला आणि "मेलेला" कोड जिवंत झाला. पाऊण तासात कंपनीचं चव्वेचाळीस कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. आठवा सर्व्हर म्हणजे आमच्या पलीकडची खोली हो! मी सात ठिकाणी बघून "बंद" म्हणणारा माणूस.

आणि आमच्या आयटीवाल्यांनी खरोखरच्या वायरींचाही घोळ घालून ठेवलाय. ऑफिस बदललं, कंपनी बदलली, नेटवर्क नवं आलं की जुन्या केबल तशाच फॉल्स सीलिंगवर सोडून नव्या टाकायच्या. एकावर एक थर. त्यातून करंट लागत नाही, मग काय बिघडलं? बिघडतं ते आग लागल्यावर. ते सगळं प्लास्टिक जळतं आणि धूर मजलाभर पसरतो. म्हणून अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये २००२ साली नियम आला, की सोडून दिलेल्या अशा केबलचा हात पोचेल तो भाग काढून टाका. आणि पुढे वापरायची असेल, तर तिच्यावर तशी चिठ्ठी लावा.

काढा, नाहीतर चिठ्ठी लावा. बस. एकोणिसाव्या शतकातल्या खांबांपासून एकविसाव्या शतकातल्या फॉल्स सीलिंगपर्यंतचा धडा एवढाच आहे. बिनवापराची वायर म्हणजे करंट नसलेली वायर नव्हे. बिनवापराची वायर म्हणजे मालक नसलेली वायर. तिला एकतर संपवायचं, नाहीतर मालक द्यायचा.

वायरमन काकांनी आमच्याकडे नेमकं तेच केलं. काय केलं ते सांगतो. तुम्ही स्वतः करा म्हणून नाही. हे काम परमिट असलेल्या वायरमनचंच. पण तो नीट करतोय का, हे तुम्हाला कळावं म्हणून.

पहिलं, त्यांनी टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून बघितला. टेस्टरच मेलेला असेल तर? मग वायरीला लावला. मग परत सॉकेटमध्ये. आणि टेस्टरवरही पूर्ण विश्वास नाही. शेजारून चालू वायर जात असेल तर तिच्या प्रभावानं सुट्या वायरीवरही टेस्टर मिणमिणतो आणि कधी खरा करंट असूनही नीट पेटत नाही. म्हणून मीटर लावून आकडा बघितला.

दुसरं, ते उघड्या टोकाशी खेळत बसले नाहीत. पलीकडच्या खोलीतल्या काकूंना विचारून त्यांचा पुरवठा बंद केला आणि वायर जिथून निघत होती तिथून सोडवली. जखम इकडे असली तरी औषध तिकडे, असं म्हणाले. फक्त बटण बंद करून भागत नाही. कुणी चुकून बटण न्यूट्रलवर बसवलेलं असेल, तर बटण बंद असतानाही फेज टोकापर्यंत पोचलेली असते.

तिसरं, निघेल तेवढी वायर त्यांनी ओढून काढली. भिंतीत एक तुकडा अडकला, तो निघेना. त्याच्या दोन्ही टोकांना काहीही जोडलेलं नव्हतं, तरी त्यांनी प्रत्येक तार वेगळी कनेक्टरमध्ये बंद केली, छोटा बॉक्स बसवला आणि वरून कोरी प्लेट लावली. "प्लॅस्टर करून टाकूया का?" बाबांनी विचारलं. काका म्हणाले, "लपवलेलं टोक आणि बंद केलेलं टोक यात फरक आहे, भाऊ. उद्या कुणी खिळा ठोकला तर?"

चौथं, त्यांनी मला पेन मागितलं. प्लेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून लिहायला लावलं की ही वायर कुठून यायची, कुठे सोडवली आणि तारीख. मी रोज ऑफिसमध्ये कोडवर शेरे लिहितो. इतका उपयोगाचा शेरा मी आयुष्यात लिहिला नसेल.

मी विचारलं, "पलीकडच्या काकूंचा एमसीबी का नाही पडला?" ते म्हणाले, "एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही." माणसाच्या अंगातून जाणारा, जीव घेऊ शकणारा करंट एमसीबीच्या हिशेबात चिल्लर असतो. त्यासाठी आरसीसीबी लागतो. घरातला आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरची गळती झाली की तोडतो. आता दोन्ही खोल्यांत बसवलाय. पण तोही शेवटचा पहारेकरी आहे. त्याच्या भरवशावर वायर लोंबत ठेवायची नाही.

तर आज घरी गेलात की एकदा वर बघा. गीझर काढलेली जागा, जुन्या बेलची वायर, एसीचा बदललेला पॉइंट, बाल्कनीतून गणपतीत घेतलेलं कनेक्शन. भाड्याच्या घरात राहत असाल तर आधी बघा, कारण तिथे तर तुमच्या आधीच्या भाडेकरूचाही इतिहास भिंतीत असतो. टोक दिसलं की हात लावू नका. "ही कुठून येते?" एवढंच विचारा. घरात कुणालाच उत्तर देता आलं नाही, तर वायरमनला फोन करा.

रंगारी दादांच्या उपचाराचा आणि बुडालेल्या रोजाचा खर्च आम्ही दिला. तो द्यायलाच हवा होता, त्यात मोठेपणा काही नाही. दोन महिन्यांनी हात बरा झाल्यावर ते अर्धी राहिलेली भिंत पूर्ण करायला आले. स्टुलावर चढायच्या आधी त्या कोऱ्या प्लेटकडे बघून त्यांनी मला विचारलं, "आता बंद आहे ना, दादा?"

मागच्या वेळी मी झटकन "हो" म्हणालो होतो. या वेळी मी टेस्टर आणला, आधी सॉकेटमध्ये पेटवून दाखवला आणि त्यांच्या हातात दिला.

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि घरात लोंबणारी वायर सापडली तर जरूर कळवा.